'इम्युनिटी वाढवा' म्हणणाऱ्या जाहिराती आणि कॅन्सरचा पेशंट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत कॅन्सरच्या नव्या उपचारांवर लेख आला होता. लेख तसा बरा होता, पण त्यात दोन-तीनदा "रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी औषधं" असं लिहिलंय आणि त्याच पानावर खाली कसल्याशा काढ्याची मोठी जाहिरात, इम्युनिटी वाढवा आणि कॅन्सरला लांब ठेवा म्हणून. वाचणाऱ्याच्या डोक्यात या दोन गोष्टी एकच होतात हो. आमच्या घरात झाल्या होत्या आणि त्याचा त्रास माझ्या भावाला झाला, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण कापायचं असेल तर कृपा करून मधला रिसेप्टरचा भाग कापू नका, तोच मुद्दा आहे.

माझा दादा एसटीत कंडक्टर होता, सव्वीस वर्षं. रात्रीच्या गाड्यांना झोप येऊ नये म्हणून तंबाखू, आणि मग ती दिवसाही. खालच्या जबड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आठ महिन्यांनी मानेत परत गाठ. तेव्हा वहिनीने मला जे विचारलं ते मी विसरणार नाही. म्हणाली, वन्सं, तुम्ही कॉलेजात हेच शिकवता ना, मला सांगा, यांना कधी साधी सर्दी झाली नाही, कोरोनात सगळं घर आजारी पडलं तर हे एकटे उभे होते, मग एवढी इम्युनिटी असलेल्या माणसाला कॅन्सर कसा होतो?

मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, एकवीस वर्षं झाली. पुस्तकात रिसेप्टरला "ग्राही" म्हणतात, मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. तिच्यापुढे मला काही ते नीट सांगता आलं नाही. उत्तर सापडलं दादाच्याच गाडीत, त्याच्या घंटीच्या दोरीत.

एसटीत बसलेल्या सगळ्यांना माहितीये, एक बेल म्हणजे थांब आणि डबल बेल म्हणजे चल. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या ज्या टी पेशी असतात, त्यांचंही जवळपास असंच आहे. प्रत्येक टी पेशीच्या अंगावर स्वतःचा एक रिसेप्टर असतो, म्हणजे ओळख पटवणारा हात समजा. हा रिसेप्टर कुठल्या जीन्सपासून बनतो ते १९८४ साली कळलं. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक बारीक तुकडे, आठ-दहा अमिनो आम्लांचे, एचएलए नावाच्या एका तबकात ठेवून बाहेर दाखवत असते, तिकीट हातात धरून बसल्यासारखी. टी पेशी येते, तिकीट बघते, ओळखीचं असेल तर पुढे जाते. तिकीट वेगळं दिसलं की पहिली बेल. पण एका बेलवर गाडी हलत नाही! दुसरी बेल लागते, ती सीडी२८ नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरवरून येते, आणि ती द्यायला बी७ नावाचं प्रथिन घेऊन एक खास पेशी समोर असावी लागते. दोन्ही बेल झाल्या की ती टी पेशी वाढते, एकीच्या हजारो होतात आणि कामाला निघतात. नुसती पहिलीच बेल झाली तर ती गप्प बसते, पुन्हा उठवायलाही अवघड जाते.

आता गंमत अशी की त्याच दोरीवर आणखी एक हात असतो. सीटीएलए-४ हा रिसेप्टर त्याच बी७ ला पकडतो आणि सीडी२८ पेक्षा घट्ट पकडतो, त्यामुळे दुसरी बेल वाजतच नाही. आणि पीडी-१ नावाचा अजून एक आहे, तो गाडी निघाल्यावर, वाटेत काम करतो. बाहेर एखाद्या ठिकाणी लढाई फार वेळ चालली की आजूबाजूच्या पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ हे प्रथिन काढतात, ते जाऊन टी पेशीच्या पीडी-१ ला लागतं, म्हणजे एक बेल, टण्ण, थांब. ही सोय शरीराने स्वतःला वाचवायला केलीय. नाहीतर साध्या न्यूमोनियात फुप्फुसच खाऊन टाकलं असतं आपल्याच पेशींनी.

कॅन्सर नेमकं हेच शिकतो. टी पेशी गाठीपर्यंत पोचतात, वेगळं तिकीट ओळखतात, मारायला सुरुवातही करतात, आणि मारताना त्या इंटरफेरॉन नावाचा जो संदेश सोडतात त्याच्यामुळेच कॅन्सरच्या पेशी पीडी-एल१ आणखी वर काढतात आणि बेल मारून टी पेशींना जागच्या जागी उभं करतात. म्हणजे वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर हे की दादाची ताकद कमी नव्हतीच बहुतेक. गाड्या डेपोत होत्या, डिझेल होतं, ड्रायव्हर होता, पण गर्दीत बसलेला एक चोर सारखी थांबायची बेल मारत होता. मी तिला असं सांगितलं तर दादा पलंगावरून हात वर करून दोरी ओढल्यासारखं करून दाखवायला लागला. बोलता येत नव्हतं त्याला तेव्हा नीट.

आता सांगा, अशा वेळी "इम्युनिटी वाढवा" याला अर्थ काय उरतो? आणखी शंभर गाड्या आणून उभ्या केल्या तरी बेल तीच वाजणार.

हे शोधलं कुणी तेही थोडं सांगते कारण आपल्याकडे नोबेलच्या दिवशी फोटो छापून येतात आणि मग विषय संपतो. जपानमध्ये क्योटोला तासुकू होंजो यांच्या लॅबमध्ये १९९२ साली पीडी-१ सापडला. ते लोक शोधत होते पेशी मरताना चालू होणारा जीन, म्हणून नावात "डेथ" आलं (पीडी म्हणजे प्रोग्रॅम्ड डेथ), आणि प्रत्यक्षात तो निघाला ब्रेक. नाव मात्र तेच राहिलं. अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन सीटीएलए-४ वर काम करत होते, त्यांची आई ते लहान असताना लिम्फोमा नावाच्या कॅन्सरने गेली होती. १९९४ च्या अखेरीला त्यांनी उंदरांमध्ये सीटीएलए-४ वर अँटीबॉडी बसवून ब्रेक अडवला आणि गाठी विरघळल्या, ते १९९६ ला छापून आलं. त्यातून पहिलं औषध इपिलिमुमॅब अमेरिकेत २०११ ला मंजूर झालं, मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी. पीडी-१ अडवणारी पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब २०१४ ला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा २०१५ मध्ये लिव्हर आणि मेंदूत गेला होता, नव्वदी ओलांडलेला माणूस, त्यांना पेम्ब्रोलिझुमॅब दिलं आणि ते शंभर वर्षांचे होऊन २०२४ च्या डिसेंबरात गेले. अ‍ॅलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

पण उंदरांचीच दुसरी एक गोष्ट कुणी सांगत नाही आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. ज्या उंदरांना जन्मापासून सीटीएलए-४ नव्हताच ते तीन-चार आठवड्यांत मेले, त्यांच्याच टी पेशींनी त्यांचे अवयव भरून टाकले. पीडी-१ नसलेल्या उंदरांना मोठेपणी सांधे सुजणं, किडनीचा त्रास, काहींना हृदयाचा आजार झाला. म्हणजे इम्युनिटीला ब्रेकच नसणं हा स्वतःच एक आजार आहे. आपल्याकडे घरोघरी थायरॉइडचे, संधिवाताचे, सोरायसिसचे पेशंट आहेत, त्यातल्या पुष्कळांची "इम्युनिटी" आधीच नको तिथे जास्त चाललेली असते आणि तरी टीव्हीवर दर दहा मिनिटाला वाढवा वाढवा.

हेच या औषधांच्या साइड इफेक्टमध्ये दिसतं. केमोत केस जातात, उलट्या होतात, ते लोकांना माहितीये. ब्रेक सोडणाऱ्या औषधात मात्र आपल्याच पेशी आतड्यावर, फुप्फुसावर, लिव्हरवर, थायरॉइडवर जातात, क्वचित हृदयावर, आणि हे औषध बंद केल्यावर महिन्यांनीसुद्धा होऊ शकतं. जुलाब लागले म्हणून गावातल्या डॉक्टरकडे गेलं की ते जुलाबाच्या गोळ्या देणार, दम लागला की न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक देणार, बऱ्याचदा गरज असते स्टेरॉइडची आणि तीही लवकर. यात गावातल्या डॉक्टरची चूक नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पेशंटने खिशात एक चिठ्ठी ठेवावी, माझं इम्युनोथेरपीचं इंजेक्शन चालू आहे, औषधाचं नाव हे, शेवटचा डोस या तारखेला, एवढंच. आम्ही दादाच्या तिकिटाच्या बॅगेत ठेवली होती कारण ती बॅग तो कुठेही नेत असे, हॉस्पिटललाही.

आता काढ्याचं. दादाला मुंबईला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कमी डोसचं निव्होलुमॅब सुचवलं, सोबत रोजच्या गोळ्या. दुसऱ्या डोसनंतर रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरचा आकडा, चांगलाच वाढलेला. डॉक्टरांनी विचारलं घरी काही देता का? वहिनी आधी नाही म्हणाली, मग रडायलाच लागली. जाहिरात बघून ती महिनाभर गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ देत होती, कारण तिला वाटलं इंजेक्शन पण इम्युनिटीचं, काढा पण इम्युनिटीचा, दोन्ही मिळून लवकर गुण येईल. तिचं काय चुकलं? जे छापून येतं त्यावरून कुणीही हेच समजलं असतं. लिव्हर औषधाने बिघडलं की काढ्याने हे कळेना, म्हणून इंजेक्शन थांबवलं, काढा बंद केला, आकडे खाली यायची वाट बघितली, यात दोन डोस गेले. मानेतली गाठ त्या दिवसांत हाताला वाढलेली लागत होती. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा पेशंटच्या लिव्हरला झालेल्या इजेची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली होती, आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. त्या वादात मी पडत नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या टी पेशींचे ब्रेक मुद्दाम सोडलेत त्याने डॉक्टरांना न सांगता असलं काहीही पोटात घेऊ नये आणि हे तुमच्यासारख्या पेपरने मोठ्या अक्षरात छापायला पाहिजे.

कमी डोसचं म्हटलं त्यावर थोडं जास्त लिहिते कारण हे आपल्या मुंबईत झालंय आणि आपल्याच लोकांना माहिती नाही. निव्होलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, त्याचा खर्च शेतकरी किंवा कंडक्टरच्या घरात विचारूच नये असा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी असं बघितलं की दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिलं तर काय होतं. तोंडाच्या, घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरचे १५१ पेशंट घेतले, सगळ्यांना मेथोट्रेक्झेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब या कमी खर्चाच्या गोळ्या, आणि निम्म्यांना वरून हे छोटं इंजेक्शन. निकाल २०२२ मध्ये छापून आला. नुसत्या गोळ्यांवर वर्षभराने १६.३ टक्के लोक जिवंत होते, इंजेक्शनसकट ४३.४ टक्के, आणि गंभीर त्रास फारसा वाढला नाही.

हे कसं शक्य झालं? परत रिसेप्टरच. औषध काम करतं ते टी पेशीवरच्या पीडी-१ वर जाऊन बसून, आणि पीडी-१ च्या जागा मोजक्या असतात. सगळ्या सीट भरल्यावर स्टँडवर आणखी कितीही पॅसेंजर उभे असले तरी गाडीत बसलेल्यांची संख्या काही वाढत नाही. या औषधाच्या सुरुवातीच्या अभ्यासांतच दिसलं होतं की बऱ्याच कमी डोसलाही रक्तातल्या टी पेशींवरच्या बहुतेक जागा भरतात. केमोचा हिशोब वेगळा, तिथे पेशंटला जितकं सोसेल तितकं जास्त द्यायची पद्धत. इथे जागा भरल्या की काम झालं. रिसेप्टर समजून घेतला म्हणून गरिबाला औषध परवडायची वाट निघाली, म्हणून मी म्हणते की हा भाग कापू नका.

आणि एक, रिपोर्टचं. गाठीच्या तुकड्यावर पीडी-एल१ ची तपासणी करतात, त्यात सीपीएस म्हणून एक आकडा येतो. दादाचा २५ आला आणि "पॉझिटिव्ह" लिहिलेलं. वहिनीला वाटलं रोग अजून कुठेतरी पसरला. आपल्याकडे पॉझिटिव्ह शब्दाची धास्तीच बसलीय. खरं तर इथे पॉझिटिव्ह म्हणजे चोर बेलच मारतोय याचा पुरावा सापडला, म्हणजे बेल अडवणारं औषध लागू पडायची शक्यता जास्त. खात्री नव्हे. काही गाठींत टी पेशी पोचलेल्याच नसतात, तिथे ब्रेक सोडून काय होणार? काही गाठी एचएलएचं तबकच काढून टाकतात, तिकीट दाखवायचंच नाही. (अशांना पकडायला शरीरात नॅचरल किलर पेशी आहेत, त्यांचे रिसेप्टर उलटं बघतात, ज्याच्या हातात तबक नाही त्याला धरतात.) आणि काही गाठी मात्र फार चांगल्या ओळखू येतात. तुमच्याकडे मुद्रितशोधक असतो तसा पेशीतही डीएनएच्या चुका दुरुस्त करणारा एक गट असतो, तो बिघडला की पानापानावर चुका होतात, तिकीट लांबूनच खोटं दिसतं. अशा गाठींसाठी अमेरिकेत २०१७ ला पेम्ब्रोलिझुमॅब मंजूर झालं, कॅन्सर कुठल्या अवयवाचा आहे हे न बघता. कुठल्या अवयवाचा यापेक्षा टी पेशीला काय दिसतं हा प्रश्न पुढे आला, मला तर हा मोठाच बदल वाटतो.

आणखी एका गोष्टीचा घोळ दूर करा. दादा आजारी असताना निदान दहा जणांनी मला सांगितलं असेल, आयआयटीने कॅन्सरवर औषध काढलंय, राष्ट्रपती आल्या होत्या, तिकडे का नेत नाही? ते खरं आहे, अभिमानाचं आहे, पण ते वेगळं. त्याला कार-टी म्हणतात. पेशंटच्याच टी पेशी बाहेर काढून त्यांच्यात प्रयोगशाळेत बनवलेला नवा रिसेप्टर बसवतात आणि परत सोडतात. हा रिसेप्टर तबक, तिकीट काही बघत नाही, सरळ पेशीच्या अंगावरचं सीडी१९ पकडतो, आणि पहिली-दुसरी दोन्ही बेल त्याच्या शेपटीतच जोडलेल्या असतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून केलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सुरुवात झाली, परदेशातल्या तशा उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्शात. पण सीडी१९ असतं बी पेशींवर, म्हणजे रक्तातल्याच दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर, म्हणून ते बी पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरला, ल्युकेमिया-लिम्फोमाला. जबड्याच्या गाठीवर सीडी१९ नसतंच, मग तो रिसेप्टर पकडणार कशाला? "कॅन्सरवर औषध सापडलं" असं हेडिंग दिलं की हे सगळं गळून जातं आणि माणसं जमीन विकायची भाषा करायला लागतात. आमच्या भाऊबंदांनी केली होती.

दादाचं पुढे काय झालं ते लिहायला हवं. लिव्हर ताळ्यावर आल्यावर इंजेक्शन परत सुरू झालं, गाठ निम्म्याने कमी झाली, दुखणं कमी झालं, सात महिने तो भात-आमटी कुस्करून स्वतःच्या हाताने जेवला, डेपोत जाऊन सगळ्यांना भेटून आला. मग परत वाढली. दादा श्रावणात गेला. ते दोन डोस चुकले नसते तर वेगळं झालं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले असं एका पेशंटबद्दल सांगता येत नाही. मला ते पटतं. वहिनीला अजून पटत नाही, ती स्वतःला दोष देते.

म्हणून संपादकसाहेब, माझं मागणं सरळ आहे. "प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध" हा शब्द कॅन्सरच्या बातमीत वापरू नका, "टी पेशींचा ब्रेक सोडणारं औषध" म्हणा, लोकांना कळतं, माझ्या अकरावीच्या मुलांना कळलं. कॅन्सरच्या लेखाच्या पानावर असल्या काढ्याची, पावडरची जाहिरात घेऊ नका, पैसे मिळत असले तरी. पीडी-एल१ चा रिपोर्ट कसा वाचायचा यावर एक अर्धं पान द्या. आणि तुमच्या बातमीदाराला सरकारी योजनेच्या ऑफिसात पाठवून एकदा विचारून घ्या की यातली कुठली औषधं आणि तपासण्या योजनेत बसतात, कमी डोसचं इंजेक्शन बसतं का, कुठल्या जिल्ह्यात मिळतं, आणि ते तालुक्याच्या नावासकट छापा. आम्ही ते शोधण्यात पाच आठवडे घालवले, तीन ठिकाणी तीन वेगळी उत्तरं मिळाली.

असा लेख करणार असाल तर वहिनी बोलायला तयार आहे, मी कालच विचारलं. फोटो नको म्हणालीय, पण काढ्याचं सगळं सांगेन म्हणाली.

आपली,
एक वाचक आणि बायोलॉजीची शिक्षिका,
सातारा जिल्हा